आष्टी ते सेसी : तीनशे फुटांखालचे क्वार्क

दिवाळी सरली की आष्टी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, बाजरीची पोती, दोरीने बांधलेली शेळी, पांघरुणात गुंडाळलेली लेकरं असं सगळं वर चढतं आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून चार-सहा महिने सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या फडांत काढायचे. त्याच आठवड्यात मीही निघालो होतो.

मी तालुक्यातल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे क्वार्कांचे बनलेले असतात, एवढं एक वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आलो आणि दर वर्षी कुणीतरी विचारायचं, “सर, क्वार्क कुणी पाहिलाय का?” पुढे बहिणीचा मुलगा मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पीएच.डी.ला लागला. त्याचा विषय टॉप क्वार्क. वर्षातले काही महिने तो जिनिव्हाजवळ सर्न प्रयोगशाळेत असतो. “मामा, एकदा येऊन बघून जा,” असं तो तीन वर्षं म्हणत होता. निवृत्तीनंतर मी ते मनावर घेतलं.

आष्टीहून रेल्वेने निघता येतं, याचं अप्रूप माझ्या पिढीला अजून वाटतं. आमचा तालुका निजामाच्या मुलखातला, पलीकडे नगर इंग्रजांचं. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, सरहद्द पुसली गेली, पण रूळ काही अलीकडे आले नाहीत. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला. नगर ते आष्टी या ६६ किलोमीटरवर गाडी धावली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी. २०२५च्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी ती बीडपर्यंत गेली. कडा, धानोरा, सोलापूरवाडी, नारायणडोह अशी स्थानकं मागे पडत होती. एरवी या दिवसांत कोरडा ठाक असणारा माळ या वर्षी हिरवा होता. पण ती हिरवाई सप्टेंबरच्या अतिवृष्टीची होती, आणि सखल रानांत तुरी पिवळ्या पडून गेल्या होत्या.

गाडीत भाच्याने पाठवलेली टिपणं वाचत बसलो. क्वार्क सहा प्रकारचे. अप आणि डाऊन हे हलके दोन. आपलं शरीर, माती, ज्वारीचं कणीस, रुळाचं लोखंड, सगळ्या अणूंच्या गाभ्यात हेच दोघे. तिसरा स्ट्रेंज. उरलेले तीन जड. चार्म १९७४ साली अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांत एकाच वेळी सापडला, बॉटम १९७७ साली शिकागोजवळच्या फर्मिलॅबमध्ये, आणि टॉप त्याच फर्मिलॅबमध्ये १९९५च्या मार्चमध्ये. म्हणजे आमच्या रेल्वेच्या मंजुरीचा आणि टॉप क्वार्कचा काळ एकच. चार्म प्रोटॉनपेक्षा थोडा जड, बॉटम चौपटीहून अधिक, आणि टॉप तर प्रोटॉनच्या सुमारे १८४ पट. जुन्या बल्बच्या तारेत टंगस्टन असतो. त्याच्या एका सबंध अणूएवढं वजन या एकट्या कणाचं! असा कण जन्मला तरी टिकत नाही. म्हणून त्याला शोधायचं म्हणजे आधी घडवायचं. दोन कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळायचे, त्या ऊर्जेचं वस्तुमान होऊ द्यायचं आणि जे उडेल त्याची नोंद घ्यायची.

मुंबईत दोन दिवस थांबलो ते कुलाब्यासाठीच. नेव्हीनगरच्या टोकाला, समुद्राला लागून ही संस्था आहे. होमी भाभांनी ती १९४५ साली सुरू केली, आणि आजच्या इमारतीचं उद्घाटन १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. आत चित्रकार हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. पण मला थांबवलं ते भाच्याच्या सहकाऱ्याने हातात ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या एका फरशीने. जाडी जेमतेम एक सेंटिमीटर, स्वच्छ, पारदर्शक. वर सिग्मा या ग्रीक अक्षराच्या आकाराच्या खोबणी कोरलेल्या आणि त्यांत जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा, हिरवट तंतू बसवलेला. हे सिंटिलेटर. विद्युतभारित कण यातून गेला की क्षणभर निळसर उजेड पडतो, तंतू तो उजेड शोषून हिरवा करतो आणि टोकाच्या प्रकाशसंवेदकापर्यंत नेतो. सर्नच्या सीएमएस या प्रयोगातला एक आख्खा थर अशा फरशांचा आहे आणि तो कुलाब्याच्या संस्थेने चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाबरोबर बांधला.

हा थर कशासाठी, हे मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं. टॉप क्वार्क जन्मला की एका सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही अब्जांश भागात, त्याच्याही काही कोट्यांश भागात तो फुटतो. त्यातून बॉटम क्वार्क आणि डब्ल्यू कण निघतात. पुष्कळदा त्या डब्ल्यूमधून न्यूट्रिनो बाहेर पडतो, आणि न्यूट्रिनो कुठल्याच यंत्रात अडकत नाही. मग तो होता हे कळायचं कसं? हिशेबात तूट आली यावरून. टकरीच्या आडव्या दिशेने दोन्ही बाजूंना गेलेला संवेग सारखा भरायला हवा. एका बाजूला कमी भरला तर तिकडून कुणीतरी न दिसता गेलं. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी मोजतात तसंच हे. पण काट्यावर गाडी येण्याआधीच वाटेत मोळ्या पडल्या असतील तर तूट खोटी ठरते. जोरदार कणांचा फवारा कधी कधी आतल्या थरांत न जिरता चुंबकाच्याही बाहेर निसटतो. ती गळती मोजायला चुंबकाबाहेर लावलेला थर म्हणजे या कुलाब्याच्या फरशा. त्या नसत्या तर खोटी तूट आणि खरा न्यूट्रिनो यांत गल्लत वाढली असती.

जड क्वार्कांशी मुंबईचं नातं मात्र याहून जुनं आहे. १९९५ साली टॉप शोधणारे फर्मिलॅबमधले प्रयोग दोन, सीडीएफ आणि डी-झिरो. त्यांपैकी डी-झिरोमध्ये टाटा संस्थेचे, दिल्लीचे आणि चंडीगडचे शास्त्रज्ञ सामील होते. शोध जाहीर करणाऱ्या डी-झिरोच्या निबंधात टॉपच्या म्हणून किती घटना होत्या? सतरा. त्यांतल्याही सुमारे चार इतर कारणांनी झालेल्या असणार, असा त्यांचाच अंदाज. जगभरच्या चारशेहून अधिक माणसांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि हाती आल्या सतरा घटना. आकडा ऐकल्यावर मी काही वेळ गप्प होतो.

त्याच्याही आधीची गोष्ट पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांची. स. प. महाविद्यालय, मग मुंबईची आयआयटी, १९७९ साली अमेरिकेत डॉक्टरेट, आणि नंतर टाटा संस्था, मुंबई विद्यापीठ असं करत पुढे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. १९८३ साली त्यांनी संदीप पाकवासा आणि डी. पी. रॉय यांच्याबरोबर टॉप ओळखण्याची एक खूण मांडली. बॉटम क्वार्कमधून निघालेला इलेक्ट्रॉन किंवा त्याचा जड भाऊबंद म्युऑन इतर कणांच्या घोळक्यात सापडतो, टॉपमधून निघालेला मात्र एकटा असतो. आठवडी बाजार सुटल्यावर वेशीतून बाहेर पडणारा माणूस आणि भर माळावरून एकटा चाललेला माणूस लांबूनही वेगळे दिसतात, तसं. पुढच्याच वर्षी सर्नमधल्या यूए-वन प्रयोगाने टॉप सापडल्याचं जाहीर केलं, आणि ते टिकलं नाही. तो टॉप नव्हता. एवढ्या बलाढ्य प्रयोगशाळेलाही बॉटमच्या गर्दीतून टॉप वेगळा काढणं किती अवघड गेलं, ते यावरून कळतं. एकट्या इलेक्ट्रॉनची किंवा म्युऑनची ती खूण आजही टॉपच्या अभ्यासात पहिल्या पायरीवर वापरतात. गोडबोले यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या गेल्या. मराठी शाळांच्या भिंतींवर शास्त्रज्ञांच्या तसबिरी असतात, त्यांत मी त्यांची कधी पाहिली नाही. ती असायला हवी.

जपानमधल्या त्सुकुबा इथल्या बेल-टू या प्रयोगातही कुलाब्याचा हात आहे. तिथे बॉटम क्वार्क असलेल्या कणांच्या जोड्या घडवून द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागण्यातला फरक मोजतात. टकरीच्या जागेभोवती सिलिकॉनचे जे पातळ थर आहेत, त्यांतल्या चौथ्या थराच्या पट्ट्या टाटा संस्थेच्या चमूने जोडल्या. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या तारांचे हजारो टाके! एखादा टाका चुकला तर ती पट्टी तेवढ्यापुरती आंधळी.

जिनिव्हाला उतरल्यावर पहिली सकाळ धुक्यात गेली. धुकं उठलं तशी एका बाजूला ज्यूरा पर्वताची लांबलचक रांग दिसली. आमच्या बालाघाटासारखी सपाट माथ्याची नाही, पण तशीच क्षितिजाला समांतर पसरलेली. सर्नच्या आवारात भाच्याने आधी नटराज दाखवला. भारताने २००४ साली दिलेली दोन मीटर उंचीची कांस्यमूर्ती दोन इमारतींच्या मध्ये उभी आहे. येणारी-जाणारी तरुण मुलं हातात कॉफी घेऊन तिच्या बाजूने जात होती. भारत २०१७च्या जानेवारीपासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. पण देणंघेणं त्याहून जुनं. प्रोटॉन फिरवून एकमेकांवर आदळणाऱ्या एलएचसी या यंत्राच्या, जमिनीखालच्या २७ किलोमीटरच्या गोल बोगद्यातल्या प्रचंड चुंबकांना तोलून धरणारे आणि केसभर इकडेतिकडे सरकवणारे सात हजारांवर जॅक इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या आराखड्यावर भारतात बनून इथे आले.

दुपारी आम्ही सेसीला गेलो. बोगद्याच्या वर्तुळाची ही पलीकडची बाजू, फ्रान्समधली. स्वित्झर्लंडची हद्द कधी ओलांडली ते कळलंही नाही. खाली प्रोटॉन तर ती हद्द दर सेकंदाला हजारो वेळा ओलांडतात. एका सेकंदात त्यांचे अकरा हजारांहून अधिक फेरे होतात.

माझ्या मनात प्रयोगशाळा म्हणजे भिंती, पहारे, तारेची कुंपणं असं काहीतरी होतं. समोर होती शेतं. नुकती नांगरलेली काळपट जमीन, मक्याची धसकटं, गळ्यात घंटा बांधलेल्या तांबड्या-पांढऱ्या गाई. याच गाईंच्या दुधाचं निळ्या शिरांचं चीज या परगण्याची ओळख आहे. बोगदा खणला, पण वरची शेती शेतकऱ्यांचीच राहिली. मी बांधावर उभा राहून विचारलं, “किती खाली?” भाचा म्हणाला, “सरासरी शंभर मीटर, मामा.” तीनशे तीस फूट. आमच्या शिवारात एवढ्या खोलीला कुणी विचारत नाही. पाचशे फूट जाऊनही नुसती धूळ उडालेली बोअर प्रत्येक वस्तीवर आहेत. ज्या खोलीवर आम्ही पाण्याची वाट बघत उभे राहतो, तिथे ही माणसं टॉप क्वार्कची वाट बघतात.

आणि पाणी? ते इथे अडचण होऊन आलं होतं. सीएमएससाठी विहिरीसारखे दोन मोठे कूपक खणायचे होते. वरच्या थरात हिमनदीने आणून टाकलेली वाळू आणि गोटे, आणि त्यातून जोराने वाहणारं भूजल. खणावं तर पाणी आत धावणार. मग खड्ड्याभोवती गोलाकार भोकं पाडून त्यांत आधी अतिथंड मिठाचं पाणी आणि नंतर द्रव नायट्रोजन सोडला, जमिनीतलं पाणीच गोठवून त्याची भिंत केली आणि त्या बर्फाच्या कठड्याच्या आत खणत गेले. २०१८-१९च्या दुष्काळात मी आमच्याकडच्या चारा छावण्यांवर फिरलो आहे. टँकरच्या रांगा पाहिल्या आहेत. पाणी थोपवण्यासाठी जमीन गोठवली हे ऐकून काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. राग नव्हता. भूजलाचा इतका बारीक अभ्यास करता येतो, तर तो आमच्या खडकाचाही व्हावा, असं मात्र फार वाटलं.

खणताना आणखी एक गोष्ट सापडली. चौथ्या शतकातल्या रोमन वाड्याचे अवशेष. काम थांबवून उत्खनन झालं. लंडन, ल्याँ आणि रोमजवळच्या ओस्तिया इथल्या टांकसाळींची नाणी निघाली.

यंत्र चालू असताना खाली कुणालाही उतरता येत नाही. पण वरच्या दालनात सीएमएसचं खऱ्या आकाराचं छायाचित्र भिंतभर लावलेलं आहे. पंधरा मीटर व्यास, एकवीस मीटर लांबी, वजन चौदा हजार टन. हे सगळं वरती जोडून पंधरा तुकड्यांत खाली सोडलं. त्यांतला सर्वांत जड तुकडा सुमारे दोन हजार टनांचा, फेब्रुवारी २००७ मध्ये दिवसभर इंच-इंच उतरत होता. भाच्याने चित्रात चुंबकाबाहेरच्या एका पट्ट्यावर बोट ठेवलं. “हा आपला कुलाब्याचा थर.” फरशी हाताळलेली होती म्हणून मला तो ओळखीचा वाटला.

नियंत्रण कक्षात त्या दिवशी त्याची पाळी होती. पडद्यांवर आकडे आणि आलेख सरकत होते, बोलणं हळू आवाजात, दर काही वेळाने कुणीतरी वहीत नोंद करावी तशी संगणकावर नोंद करत होतं. खाली प्रोटॉनांचे गुच्छ सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. एवढी माहिती साठवणं शक्यच नाही. म्हणून यंत्रच निवड करतं. पहिल्या चाळणीत सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात निर्णय होतो आणि चार कोटींतून सुमारे एक लाख उरतात. दुसऱ्या चाळणीत काही हजार. मला खळ्यावरची उफणणी आठवली. वावडीवर उभं राहून टोपलं हलवायचं, वारं भुसा घेऊन जातं, दाणे पायाशी पडतात. फरक एवढाच की इथे भुशाबरोबर एखादा मोलाचा दाणा उडून गेला तर तो कायमचा गेला. म्हणून कोणता दाणा राखायचा याचे नियम ठरवण्यातच भाच्यासारख्यांची वर्षं जातात.

मी त्याला सतरा घटनांची आठवण करून दिली. तो म्हणाला, २०१५ ते २०१८ या चार वर्षांत एकट्या सीएमएसमध्ये टॉपच्या अकरा कोटींवर जोड्या जन्मल्या असतील. म्हणून आता प्रश्नही बदलले आहेत. टॉप आहे का, हे कुणी विचारत नाही. तो हिग्ज कणाशी किती घट्ट जोडलेला आहे, हे मोजतात. २०१८ मध्ये ते नातं थेट दिसलं. आणि इतक्या लवकर मरणारा टॉप आपल्या प्रतिटॉपशी क्षणभर तरी गुंततो का, हाही प्रश्न आहे. २०२५ मध्ये सीएमएसने तशी जोडी बनत असल्याच्या ठळक खुणा मांडल्या, आणि त्यापाठोपाठ सर्नच्याच अॅटलास प्रयोगालाही त्या दिसल्या. हे सांगताना त्याचा चेहरा बदलला होता. त्याच्या आईला, माझ्या बहिणीला, पहिल्या पावसानंतर विहिरीत पाणी वाढलेलं दिसलं की ती अशीच बोलते.

 

परतीच्या वाटेवर फेर्ने-व्होल्तेर हे गाव लागलं. तत्त्वज्ञ व्होल्तेर इथे अठराव्या शतकात आयुष्याची शेवटची वीसेक वर्षं राहिला. त्याने घड्याळजी आणून वसवले, दलदल उपसली, खेड्याचं गाव केलं. आज त्याच गावाच्या हद्दीजवळ एलएचसी-बी हा प्रयोग आहे, खास चार्म आणि बॉटम क्वार्कांसाठी बांधलेला. बॉटम टॉपसारखा तडकाफडकी जात नाही. त्याचे कण फुटण्यापूर्वी साधारण एक सेंटिमीटर चालतात. आपल्या नखाएवढं अंतर. फुटल्यावर निघालेल्या कणांच्या वाटा मागे मागे नेल्या की त्या टकरीच्या जागी न मिळता थोड्या पुढे मिळतात, आणि तेच बॉटमचं पाऊल. ते टिपायला सिलिकॉनचे संवेदक प्रोटॉनांच्या झोतापासून अवघ्या पाच मिलिमीटरवर आणून ठेवतात. विश्व जन्मलं तेव्हा द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच होतं, तर मग सगळं एकमेकांत नाहीसं का झालं नाही? या प्रश्नाचं उत्तर या एक सेंटिमीटरात शोधलं जातं. प्रोटॉनाच्या गोत्रातल्या, बॉटम क्वार्क असलेल्या एका कणात द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यातला दुजाभाव पहिल्यांदा स्पष्ट दिसल्याचं एलएचसी-बीने २०२५च्या मार्चमध्ये जाहीर केलं. तो विश्वातल्या द्रव्याचा हिशेब पुरा करायला पुरेसा नाही, हेही तिथले लोक तितक्याच स्पष्टपणे सांगतात. हा खरेपणा मला आवडला.

आष्टीला परतलो तेव्हा वाड्या रिकाम्या होत्या, दारांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी नातवंडं. त्यांच्यातलं एखादं पोर जर विचारेल, क्वार्क कुणी पाहिलाय का, तर आता माझ्याकडे उत्तर आहे, आणि दाखवायला काहीतरी आहे. सर्नने २०१४ पासून आपल्या प्रयोगांतली टकरींची माहिती सर्वांसाठी खुली केली आहे. सीएमएसमधल्या खऱ्या घटना चित्ररूपात संगणकावर उघडता येतात. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी दर वर्षी आंतरराष्ट्रीय मास्टरक्लास होतात, त्यांत मुलं स्वतः अशा टकरी वाचून कण ओळखतात. आयसर या विज्ञानसंस्थेमुळे पुणे आणि टाटा संस्थेमुळे मुंबई, अशी सीएमएसवर काम करणारी दोन ठिकाणं आपल्या राज्यातच आहेत. बीड जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे : या वर्षी नववी-दहावीच्या वर्गात एक तरी खरी टक्कर पडद्यावर लावा आणि मुलांना त्यातला एकटा चाललेला म्युऑन शोधू द्या. त्याला पैसे लागत नाहीत, कुणाची परवानगीही लागत नाही.